जपानी माणसाला हरणारा इतका का आवडतो? (तोरा-सान, नोबिता आणि कोशिएनची माती)

शेवंती

गेली चौदा वर्षं मी पुण्यात जपानी शिकवते. नव्या तुकडीला पहिल्या दिवशी विचारते, "जपान म्हटलं की काय डोळ्यांसमोर येतं?" उत्तरं जवळजवळ ठरलेली असतात. शिस्त, वेळ पाळणं, बुलेट ट्रेन, सामुराई, रोबो आणि अलीकडे अ‍ॅनिमे. यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने उलट मलाच विचारलं, "सेन्सेई, हे आपल्याला वाटतं. पण त्यांना स्वतःबद्दल काय वाटतं?" तास संपत आला होता म्हणून उत्तर राहिलं, पण प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. तिला जे सांगायचं आहे ते आधी इथे मांडून बघते. जपानात राहिलेले बरेच जण इथे आहेत. चुकत असेन तिथे दुरुस्त करा.

रांगोळी दारात असते, पण घर कळायचं तर माजघरात जावं लागतं. दारातला जपान आपण सगळ्यांनी पाहिला आहे. रिओ ऑलिंपिकच्या समारोपात, ऑगस्ट २०१६ मध्ये, पंतप्रधान शिंझो आबे मारिओच्या वेषात, हातात लाल टोपी घेऊन मैदानाच्या मधोमध एका हिरव्या पाइपातून वर आले. त्याआधी दाखवलेल्या चित्रफितीत तो पाइप टोकियोत शिबुयाच्या चौकात डोरेमॉनने बसवला होता. त्या डोरेमॉनला परराष्ट्र खात्याने मार्च २००८ मध्येच 'अ‍ॅनिमे राजदूत' नेमलं होतं. म्हणजे जगापुढे कोणता चेहरा ठेवायचा हे तिथे सरकारी पातळीवर ठरवलं जातं. त्यात गैर काही नाही, पण तो चेहरा पाहुण्यांसाठी असतो.

माजघरात मला भेटला तो तोरा-सान. भारतात हे नाव फारसं कुणाला माहीत नाही, जपानात मात्र पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही विचारा, चेहरा खुलतो. १९६९ ते १९९५ या काळात कियोशी आत्सुमी या एकाच नटाला घेऊन या मालिकेचे ४८ चित्रपट निघाले. बहुतेक सगळ्यांचं दिग्दर्शन योजी यामादा यांचं. मालिकेच्या नावाचा अर्थ 'पुरुषाचं जिणं कठीण'. तोरा-सान गावोगावच्या जत्रांत फिरून किरकोळ माल विकतो. अंगात चौकड्यांचा कोट, पोटाला लोकरीचा पट्टा, डोक्यावर हॅट, हातात जुनी बॅग. मधूनच टोकियोच्या कडेला शिबामाता या वस्तीत काका-काकूंच्या दांगोच्या (तांदळाच्या पिठाच्या गोड गोळ्यांच्या) दुकानात येऊन थडकतो, दोन दिवसांत सगळ्यांशी भांडतो, कुणातरी बाईच्या प्रेमात पडतो, ती दुसऱ्याची होते, आणि हा बॅग उचलून पुन्हा वाटेला लागतो. अठ्ठेचाळीस वेळा हेच!

आता साल बघा. १९६९ म्हणजे जपानची अर्थव्यवस्था नुकतीच पश्चिम जर्मनीला मागे टाकून भांडवलशाही जगात अमेरिकेच्या खालोखाल पोचली होती. सूट घालून, लोकलमध्ये चेंगरून, रात्री दहाला घरी येणारी माणसं नव्या वर्षाच्या आणि ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, सुट्टीत बायकामुलांना घेऊन कुणाला बघायला जात होती? जो कधीच वेळेवर येत नाही, ज्याला नोकरी नाही, ज्याचं लग्न होत नाही त्याला. मूळ दूरदर्शन मालिकेच्या शेवटी तो विषारी साप चावून मरतो असं दाखवलं होतं. प्रेक्षकांनी इतका निषेध केला की त्याला जिवंत करण्यासाठी चित्रपट काढावा लागला.

मी शिबामाताला गेले तेव्हा स्टेशनाबाहेर त्याचा पुतळा पाहिला. निघालेला आहे, पण मान मागे वळवलेली. २०१७ मध्ये थोड्या अंतरावर त्याच्या धाकट्या बहिणीचा, साकुराचा पुतळा बसवला. आता तो वळून पाहतो ते तिच्याकडे. मी तिथे वीसेक मिनिटं उभी होते. तेवढ्यात तीन वेगवेगळ्या म्हाताऱ्या बायका त्याच्याशी काहीतरी बोलून पुढे गेल्या. नमस्कार वगैरे नाही, घरातल्या माणसाला "आलास का" म्हणावं तसं.

दुसरी गोष्ट कोशिएनची. शालेय बेसबॉलची ही स्पर्धा १९१५ पासून आहे आणि आता दर ऑगस्टमध्ये कोशिएनच्या मैदानात होते. ४९ संघ, एकदा हरला की बाहेर. म्हणजे ४८ संघ हरूनच घरी जातात, आणि टीव्हीचा कॅमेरा जिंकणाऱ्यांइतकाच या हरलेल्यांवर रेंगाळतो. माझ्या टोकियोतल्या घरमालकीणबाई त्या काळात दिवसभर टीव्ही लावून स्वयंपाक करायच्या. खेळ चालू असताना त्यांचं अर्धं लक्ष भाजी चिरण्यात. शेवटचा गडी बाद झाला की मात्र सुरी खाली ठेवायच्या, हात पुसून समोर येऊन बसायच्या. हरलेली पोरं गुडघ्यांवर बसून मैदानाची काळी माती ओंजळीने बुटांच्या पिशवीत भरत असायची, आणि बाईंच्या डोळ्यांना धार. कुठल्या प्रांताचा संघ ते त्यांना ठाऊकही नसायचं. मी एकदा विचारलं, जिंकणाऱ्यांकडे का नाही बघत? म्हणाल्या, "त्यांच्याकडे बघायला त्यांचे ते आहेत."

या मायेला जपानीत शब्द आहे: होगान-बिइकी. होगान हे बाराव्या शतकातल्या योशित्सुने या सेनापतीच्या पदाचं नाव, बिइकी म्हणजे ओढा, झुकतं माप. योशित्सुनेने ११८५ मध्ये दान-नो-उराची लढाई भावासाठी जिंकली आणि पुढे त्याच भावाने, योरितोमोने, त्याच्यामागे माणसं लावली. ११८९ मध्ये योशित्सुने संपला. कामाकुराची राजवट उभी केली योरितोमोने, पण नाटकांत, काबुकीत, गोष्टींत जीव टाकला जातो तो योशित्सुनेवर. आपल्याकडे कर्णासाठी जे होतं, तेच. फरक इतकाच की त्यांनी त्या भावनेला नाव देऊन ती रोजच्या बोलण्यात ठेवली.

आणि तिसरा आपल्या घराघरातला नोबिता. परीक्षेत शून्य, पळण्यात शेवटचा, येतं काय तर नेमबाजी, दोऱ्याचे खेळ आणि क्षणात झोपणं. १९७४ ची एक कथा आहे. डोरेमॉनला भविष्यात परत जायचं असतं आणि नोबिताची काळजी म्हणून त्याचा पाय निघत नाही. रात्री जियानशी नोबिता एकटा भिडतो. मार खातो, पडतो, पुन्हा उठून त्याला धरतो. बळ वगैरे काही येत नाही अंगात, फक्त सोडत नाही. शेवटी जियानच कंटाळून "मी हरलो" म्हणतो. जपानी मुलं याला बघत मोठी झाली आहेत, सामुराईला नाही.

तर माझं म्हणणं हे. जगाला ते कर्तबगार चेहरा दाखवतात, पण स्वतःला ओळखतात ते मागे पडणाऱ्यात, न जमणाऱ्यात. तुम्हाला काय वाटतं? अनुभव असतील तर नक्की लिहा.

चाफेकळी

शेवंतीताई, वाचताना मीच जरा थबकले. माझा मुलगा सात वर्षांचा. नोबितावरून आमच्याकडे रोज वाद. मला तो आळशी मुलगा अजिबात आवडत नव्हता, अडलं की "डोरेमॉन!" म्हणून गळा काढायचा आणि खिशातून आयतं काहीतरी मिळवायचं, हे मुलं उचलतात असं माझं मत होतं. दोन महिने बंदही केलं होतं. मग एकदा आजारपणात त्याच्याशेजारी बसून सलग आठ-दहा भाग पाहिले. लक्षात आलं की ती वस्तू जवळपास प्रत्येक वेळी नोबितावरच उलटते. आयतं मिळालेलं टिकत नाही हे त्यातच आहे.

मुलाचे प्रश्न मात्र भलतेच असतात. "त्यांच्याकडे पलंग का नाही?" "डोरेमॉन कपाटात का झोपतो?" "रिकाम्या मैदानात ते सिमेंटचे पाइप कुणी ठेवलेत?" शेवटच्याचं उत्तर मला देता आलं नाही. कुणी सांगेल का?

पाणपोई

@चाफेकळी, ते पाइप सांडपाण्याचे. साठ-सत्तरच्या दशकात टोकियोच्या उपनगरांत भराभर घरं उठत होती, गटारं टाकली जात होती, आणि मधल्या मोकळ्या प्लॉटवर असे पाइप रचून ठेवलेले असायचे. मुलं तिथेच खेळायची. आज टोकियोत असा प्लॉट औषधालाही सापडत नाही. मी नऊ वर्षं कावासाकीत राहते, अजून एकदाही पाहिलेला नाही. पण टीव्हीवर तो प्लॉट अजून तसाच आहे. जपानी लोक स्वतःकडे कसं बघतात याचं मला वाटतं हे सगळ्यात सोपं उदाहरण: देश पुढे गेला, पण मनातलं गाव त्यांनी सत्तर सालातच ठेवलं.

साझाए-सान घ्या. माचिको हासेगावा या बाईंनी १९४६ मध्ये वर्तमानपत्रातली चार चौकटींची चित्रमालिका म्हणून सुरू केली. टीव्हीवर ऑक्टोबर १९६९ पासून दर रविवारी संध्याकाळी साडेसहाला चालू आहे. जगात सर्वांत जास्त काळ चाललेली अ‍ॅनिमेशन मालिका म्हणून गिनेसमध्ये नोंद आहे. एका छपराखाली तीन पिढ्या. आईवडील, मुलगी साझाए, तिचा नवरा मासुओ, त्यांचं पोर, साझाएचे धाकटे भाऊ-बहीण आणि मांजर. नवरा बायकोच्या माहेरी राहतो, पण आडनाव स्वतःचंच ठेवून. घरात मोबाइल नाही. वडील नामिहेई यांचं वय ५४, कारण ती मालिका जन्मली तेव्हा निवृत्तीचं वय ५५ होतं. दिसायला ते आजच्या सत्तरीच्या आजोबांसारखे.

आणि खऱ्या जपानात? २०२० च्या जनगणनेत सुमारे ३८ टक्के घरं एकट्या माणसाची निघाली. आमच्या इमारतीत माझ्या मजल्यावर सहा दारं आहेत, चारांमागे एकेक माणूस राहतो. रविवारी साडेसहाला भिंतीपलीकडून त्या मालिकेचं गाणं ऐकू येतं. शेजारच्या आजी एकट्या आहेत, ऐंशीच्या पुढच्या. त्यांचा टीव्ही तेवढा अर्धा तास मोठा असतो. नोकरदार मंडळींना तर हेच गाणं ऐकून पोटात खड्डा पडतो, उद्या सोमवार म्हणून. त्याला 'साझाए-सान सिंड्रोम' असं नावच पडलं आहे.

तेव्हा हरणाऱ्यावर माया हे खरं, पण त्याहून मोठी गोष्ट मला वाटते ती म्हणजे निघून गेलेल्या घराची ओढ. तोरा-सान हरतो म्हणून आवडतो की त्याला परत यायला दुकान आहे, ताट वाढणारी काकू आहे म्हणून आवडतो?

रानवारा

वाचत आहे. धागा फार आवडला. कोशिएनबद्दल अजून लिहा ताई.

दर्यावर्दी

शेवंती, लेखन मनापासून आवडलं. पण एका मुद्द्यावर मला ठाम विरोध नोंदवायचा आहे.

"जपानी लोक स्वतःला हरणाऱ्यात ओळखतात" हे १९४५ नंतरचं आहे. त्याआधीची लोकप्रिय कला बघा. एप्रिल १९४५ मध्ये, देश बेचिराख होत असताना, नौदलाच्या पैशाने बनलेला मोमोतारोचा अ‍ॅनिमेशनपट प्रदर्शित झाला. मोमोतारो म्हणजे पीच फळातून जन्मलेला, राक्षसांना जिंकणारा लोककथेतला मुलगा. त्या चित्रपटात अस्वल, माकड, कुत्रा हे सैनिक आहेत, हवाई छत्रीने उड्या मारतात, आणि राक्षस कोण? डोक्यावर शिंग असलेले, इंग्रजी बोलणारे अधिकारी, शरणागतीच्या टेबलावर थरथरणारे. तिथे हरणाऱ्यावर कणभर माया नाही. ओसाकाच्या रिकाम्या थिएटरात तो पाहणाऱ्यांत सोळा वर्षांचा ओसामु तेझुका होता. पुढे त्यानेच अणुशक्तीवर चालणारा, मनाने हळवा यंत्रमुलगा 'आतोमु' निर्माण केला, १९५२ मध्ये. सात वर्षांत एका देशाचा नायक असा बदलला.

मग गोजिरा, आपला गॉडझिला. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. राख 'दाइगो फुकुर्यू मारू' या मासेमारी बोटीवर पडली. तेवीस खलाशी होते. बोटीचा रेडिओवाला सप्टेंबरमध्ये गेला आणि ३ नोव्हेंबरला गोजिरा पडद्यावर आला. त्यात लोकलमधला एक साधा प्रसंग आहे. ऑफिसला जाणारी बाई म्हणते, अणुमासे झाले, किरणोत्सारी पाऊस झाला, आता हा गोजिरा; नागासाकीतून कशीबशी वाचले होते मी. बाजारात ट्यूना कुणी घेत नव्हतं त्याच वर्षी हे संवाद प्रेक्षकांनी ऐकले. १९५६ ची अमेरिकन आवृत्ती निघाली तेव्हा हे वाक्य त्यात नव्हतं.

फार मोठा चित्रपट आहे, माझं त्यावर प्रेम आहे. पण त्यातही जपान हा फक्त सोसणारा. संकट समुद्रातून येतं, आभाळातून येतं. आपण कुणाच्या समुद्रातून कुणाच्या किनाऱ्यावर गेलो होतो, हे त्यात येत नाही. नानकिंग नाही, मनिला नाही, कोरिया नाही. १९७४ मध्ये तर ७ एप्रिल १९४५ ला बुडालेली यामातो युद्धनौका अंतराळयान होऊन उठते आणि पृथ्वी वाचवते. हरणाऱ्यावर माया करताना आपण कुणाला हरवलं होतं हे विसरायला होतं. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते, रेल्वेच्या कामावर कैद्यांचं काय झालं ते त्यांनी आम्हाला सांगितलं आहे. त्यामुळे 'हळवा, हरलेला जपान' हे चित्र मला अर्धंच वाटतं.

शेवंती

दर्यावर्दी, तुम्ही लिहिलंत ते मी टाळलं होतं हे मान्य करते. तुमच्या आजोबांची आठवण इथे लिहिलीत त्याबद्दल आभार.

तुमच्या मुद्द्यात भाषेकडून एक भर घालते. १५ ऑगस्टला जपानात काय म्हणतात माहीत आहे? 'शूसेन किनेनबी'. शूसेन म्हणजे युद्धाची समाप्ती. पराभवाला 'हाइसेन' हा नेमका शब्द भाषेत आहे, पण रोजच्या वापरात, बातम्यांत, कॅलेंडरवर या दिवसासाठी तो सहसा येत नाही. युद्ध 'संपलं', जसा पावसाळा संपतो. जो समाज गोष्टीतल्या हरणाऱ्यावर इतका जीव टाकतो, तोच स्वतःच्या सगळ्यात मोठ्या पराभवाला पराभव म्हणत नाही. हे वर्गात शिकवताना दर वर्षी माझा आवाज थोडा जड होतो, कारण मुलं लगेच विचारतात, का? याचं एक कारण मला वाटतं ते असं, की पराभव म्हटलं की कुणी लढाई सुरू केली हे सांगावं लागतं. समाप्ती म्हटलं की नाही सांगावं लागत.

पण सगळेच गप्प बसले असं मात्र नाही. केइजी नाकाझावा सहा वर्षांचे असताना हिरोशिमात वडील, बहीण आणि भाऊ गमावून बसले. १९७३ पासून त्यांनी 'हादाशी नो गेन' ही मांगा, म्हणजे चित्रकथा, मुलांच्या साप्ताहिकात लिहिली. त्यात बॉम्ब पडण्याआधीची पानं वाचा. गेनचे वडील युद्धाला विरोध करतात म्हणून शेजारी त्यांना देशद्रोही म्हणतात, पोरांना छळतात. आणि त्यांना मदत करणारा शेजारी आहे कोरियन, पाक-सान. सम्राटाला थेट दोष देणारी वाक्यं त्यात आहेत, लहान मुलांसाठी छापलेली! २०१३ मध्ये मात्सुए शहरात शिक्षण मंडळाने शाळांच्या ग्रंथालयात ही पुस्तकं मुलांना सहज मिळणार नाहीत अशी ठेवायला सांगितल्याचं उघड झालं तेव्हा देशभर गदारोळ झाला आणि तो आदेश मागे घ्यावा लागला. मला त्या गदारोळाचं मोल फार वाटतं. त्या वाचकांनाही जपानीच म्हणायचं ना?

@पाणपोई, तुमचा शेवटचा प्रश्न मला निरुत्तर करणारा आहे. ताट वाढणारी काकू. हो. साकुराच्या पुतळ्याशिवाय तोरा-सानचा पुतळा अर्धाच होता, हे तिथल्या लोकांना अठरा वर्षं डाचत असणार. यावरून 'आमाए' आठवलं. मनोविकारतज्ज्ञ ताकेओ दोई यांनी १९७१ मध्ये या एका शब्दावर जपानी मन उलगडायचा प्रयत्न केला. इंग्रजी भाषांतरात त्याला 'अवलंबित्व' म्हणतात आणि तिथे सगळं बिघडतं. मराठीत आपल्याला तसा त्रास नाही: 'लाडात येणं'. समोरचा आपले लाड पुरवणार याची खात्री असते म्हणून माणूस लाडात येतो. नोबिताची ती आरोळी आमाए आहे. तोरा-सानचं भांडणसुद्धा आमाएच आहे. परक्याच्या घरी कुणी ताटावरून रुसत नाही.

अनंतकाका

मी वयाने इथल्या बहुतेकांपेक्षा मोठा आहे, तेव्हा जुनं सांगतो.

१९८३ च्या वसंतात आमच्या कारखान्याने सहा जणांना हामामात्सुला प्रशिक्षणासाठी पाठवलं होतं. भाषा येत नव्हती. कॅन्टीनमध्ये एक टीव्ही होता. रोज पाऊण वाजता त्यावर पंधरा मिनिटांची मालिका लागायची, सकाळच्या भागाचं पुनःप्रक्षेपण. ती 'ओशिन'. आमचे विभागप्रमुख कडक माणूस. पाना चुकीच्या जागी ठेवला तरी बोलायचे. एके दिवशी पडद्यावर बर्फातून वाहणारी नदी, तराफ्यावर सात वर्षांची पोर, गोणीभर तांदळाच्या बदल्यात चाकरीला निघालेली, आणि काठाने बर्फात पडत-धडपडत धावणारा बाप. मी सहज वळून पाहिलं तर विभागप्रमुख भाताचा वाडगा हातात तसाच धरून रडत होते. आजूबाजूला कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं, कारण जो तो आपापल्या वाडग्यात बघत होता.

नंतर दुभाष्यामार्फत ते मला म्हणाले, "माझी आजी अशीच गेली होती." मी म्हटलं, माझी आजीही दुसऱ्याच्या घरी दळण करायची. त्या दिवसापासून माझ्याशी त्यांचं वागणं बदललं.

शेवंतीबाई, ओशिन हरत नाही. ती सोसते. त्याला ते 'शिंबो' म्हणतात, हा शब्द मला तिथेच शिकायला मिळाला. पण मालिकेची सुरुवात फार लोक विसरतात. सुरुवातीला ओशिन ऐंशीच्या पुढची आहे, कुटुंबाची सुपरमार्केटं आहेत, आणि नव्या शाखेच्या उद्घाटनाच्या दिवशीच ती कुणाला न सांगता घर सोडून जाते. सगळं मिळालं आणि कुठे चुकलं, हे शोधायला. लेखिका सुगाको हाशिदा. भरभराटीच्या ऐन काळात सरासरी ५२.६ टक्के प्रेक्षक ही मालिका बघत होते. पोट भरलेल्या लोकांना आपल्या आजीच्या भुकेची आठवण हवी होती. मला तरी तिथे हरण्याचं प्रेम दिसलं नाही, लाज दिसली. आपल्याला फार मिळालं याची लाज.

वाटसरू७

चर्चा उत्तम चालली आहे. एक सावधगिरी मात्र. आपण 'जपानी स्वभाव' म्हणून जे धरतो आहोत त्यातलं बरंचसं फार जुनं नाही.

'एनका' गाणी घ्या. बंदर, पाऊस, साके, सोडून गेलेला प्रियकर. 'जपानी हृदयाचं गाणं' म्हणून ती ओळखली जातात. पण मेइजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, एनका म्हणजे राजकीय भाषणाऐवजी रस्त्यावर गायची निषेधाची गाणी. आज आपण ज्याला एनका म्हणतो त्या प्रकाराला ते नाव पक्कं चिकटलं १९७० च्या आसपास. आणि २००८ मध्ये ही गाणी गाऊन त्या वर्षीच्या कोहाकु या वर्षअखेरच्या टीव्हीवरच्या गाण्यांच्या कार्यक्रमापर्यंत पोचला जेरो, पिट्सबर्गमध्ये वाढलेला कृष्णवर्णीय तरुण. त्याची आजी जपानी; तिच्याकडून ऐकून शिकला. हृदय जपानीच लागतं असं दिसत नाही, आजी लागते.

कोशिएनमधलं केस भादरणंही तसंच. कित्येक पिढ्या 'हेच जपानी खेळाडूचं शील' म्हणून चाललं. २०२३ मध्ये केइओ शाळेची मुलं केस राखून आली, हसत खेळली आणि अजिंक्य ठरली, १०७ वर्षांनी. टीका झाली, कौतुकही झालं. स्वभाव असा एका ऑगस्टमध्ये वाद घालण्यासारखा असेल तर तो स्वभाव म्हणण्यापेक्षा चालू असलेलं बोलणं आहे असं मी म्हणेन.

हरण्यावरून एक गाणं राहवत नाही म्हणून. 'वर बघत चालू या, आसवं सांडू नयेत म्हणून' या अर्थाचं, क्यू साकामोतोचं, १९६१ चं. रोकुसुके एइ यांनी ते लिहिलं अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्धचं आंदोलन फसल्यानंतर, मोर्च्यातून घरी चालत येतानाच्या मनःस्थितीतून. १९६३ मध्ये हेच गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, जपानी शब्दांसकट, पण 'सुकियाकी' या नावाने. गाण्याशी काडीचा संबंध नसलेलं एका पदार्थाचं नाव. ज्यांच्याविरुद्ध हरल्याचं दुःख, त्यांच्याच देशात ते लाडकं झालं, आणि त्यांना ते कशाबद्दल आहे हे कळलंही नाही.

चाफेकळी

पाणपोई, पाइपांबद्दल आभार. मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "मग आता ते खेळतात कुठे?"

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार. रानवारा, तुम्ही कोशिएनबद्दल अजून लिहा म्हणालात. दर्यावर्दी आणि वाटसरू यांचं वाचून एक प्रसंग आठवला, तोच लिहिते.

१९५८ ची स्पर्धा. ओकिनावा तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होतं. तिथून मुख्य बेटांवर यायचं तर प्रवासाची वेगळी कागदपत्रं लागायची. त्या वर्षी पहिल्यांदाच ओकिनावाचा संघ कोशिएनला आला, शुरी शाळेचा. ज्या बेटावर १९४५ च्या लढाईत सामान्य माणसं हजारोंनी मेली, तिथली ही मुलं लढाईच्या वेळी चार-पाच वर्षांची असणार. पहिल्याच सामन्यात त्सुरुगा शाळेकडून ०-३ अशी हरली. बाकी सगळे करतात तसं त्यांनीही गुडघ्यांवर बसून माती पिशव्यांत भरली आणि बोटीने घरी निघाली.

नाहा बंदरात उतरताना अधिकाऱ्यांनी पिशव्या उघडायला लावल्या. माती म्हणजे परदेशातून आलेली माती, वनस्पतींच्या रोगांमुळे आणायला बंदी. कायद्याप्रमाणे ती तिथेच समुद्रात टाकून दिली. ज्या देशाचे आपण, असं ती मुलं समजत होती, त्याच देशाची माती त्यांना परदेशी म्हणून घरी नेता आली नाही.

ही बातमी वाचून जपान एअरलाइन्सच्या एका हवाई सुंदरीने कोशिएनचे छोटे दगड गोळा करून शुरीला पाठवले. दगडांना बंदी नव्हती. ओकिनावा १९७२ मध्ये जपानला परत मिळालं. ते दगड शुरी शाळेच्या आवारातल्या स्मारकात बसवलेले आहेत.

दर्यावर्दी म्हणतात ते विसरणं आणि मी म्हणते ती माया, दोन्ही या एका गोष्टीत आहेत असं मला वाटतं. ओकिनावाला युद्धात पुढे करणारा जपान, नंतर वीस-पंचवीस वर्षं ते दुसऱ्याच्या हाती सोडणारा जपान, आणि ती बातमी वाचून वाकून दगड वेचणारी ती मुलगी. उद्या साडेसातचा वर्ग आहे. मागच्या बाकावरच्या त्या विद्यार्थिनीला हीच गोष्ट सांगणार आहे, आणि फळ्यावर 'शूसेन' आणि 'हाइसेन' हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहिणार आहे.